बास्केटबॉल ऐकायचं कसं? (डब्ल्यूएनबीए, टीव्ही आणि रेडिओ)

सायली_मिनेसोटा

गेले दोन उन्हाळे आमच्या घरात लिंक्सचं वारं शिरलंय (डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिलांच्या बास्केटबॉल लीगमधला आमच्या मिनेसोटाचा संघ). लेक तेरा वर्षांची आहे, शाळेच्या संघात खेळते. त्यांच्या नफीसा कॉलियरने कुठल्या सामन्यात किती गुण केले हे तिला पाढ्यांपेक्षा चांगलं पाठ आहे. ऐकून ऐकून मलाही थोडंफार कळायला लागलंय. अडचण वेगळीच आहे.

यंदा सासरे सहा महिन्यांसाठी आलेत. बाबांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग गेलाय. कडेकडेचं अंधुक दिसतं, समोरचं नाही. त्यामुळे नातीबरोबर सामन्याला बसतात ते कान देऊन. जन्मभर रेडिओवर क्रिकेट ऐकलेला माणूस, बाळ ज. पंडितांच्या आवाजावर वाढलेला. पहिल्या दिवशी अर्धा तास गप्प बसले आणि मग म्हणाले, "हा मनुष्य बोलतोय भरपूर, पण सांगत काहीच नाही."

नंतर मी मुद्दाम डोळे मिटून ऐकलं. खरंच की! "वा, काय टाकलाय!" कुणी टाकला? कुठून? पत्ता नाही. मग कुणाच्या तरी कॉलेजच्या प्रशिक्षकाची गोष्ट सुरू झाली आणि ती संपेपर्यंत दोन बास्केट होऊन गेल्या. त्याही प्रेक्षक ओरडले म्हणून कळल्या. बाबांचा आपला एकच प्रश्न, "स्कोअर काय?" तो पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलेला असतो, म्हणून कुणी उच्चारतच नाही.

तर, महिलांच्या सामन्यांचं रेडिओ समालोचन कुणी ऐकतं का इथे? आणि टीव्हीवर कुठला सामना कुठल्या वाहिनीवर, हे लक्षात ठेवायची काही युक्ती आहे का? ईएसपीएन, आयऑन, प्राइम व्हिडिओ, एनबीए टीव्ही... माधुकरी मागितल्यासारखं घरोघर हिंडावं लागतंय.

झंप्या

लेकीलाच समालोचक नेमा. बिनपगारी.

सायली_मिनेसोटा

नेमली आहे. पण तिला राग आला की ती बोलायची थांबते, आणि लिंक्स हरायला लागल्या की तिला राग येतो.

कोर्टसाइड

सायली, तुमच्या सासऱ्यांनी एका वाक्यात सगळं सांगितलंय. टीव्हीच्या समालोचकाला पहिला धडाच असा असतो की दिसतंय ते सांगू नकोस, त्यात भर घाल. रेडिओवाल्याचं उलटं. त्याने सांगितलं नाही तर ते घडलंच नाही.

मी इथे शिकत असताना दोन वर्षं विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रावर मुलींच्या सामन्यांना आकडे लिहायला बसायचो. समालोचक बाई माझ्या डावीकडे. त्यांच्यासमोर एक जाड पुठ्ठा असायचा, त्याला स्पॉटिंग बोर्ड म्हणतात. दोन्ही संघ समोरासमोर मांडलेले, जर्सीचा क्रमांक ठसठशीत, खाली नाव, नावाचा उच्चार फोडून लिहिलेला, उंची, गाव, सरासरी. सामन्याच्या आदल्या रात्री तीन-चार तास त्या हाताने तो बोर्ड करायच्या. मी एकदा विचारलं, छापील का नाही घेत? म्हणाल्या, लिहिताना डोक्यात बसतं, सामन्यात वाचायला वेळ कुणाला असतो.

आणि नसतोच. डब्ल्यूएनबीएचा सामना दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरचा. २४ सेकंदांत शॉट मारायलाच लागतो. म्हणजे एकेका संघाकडे चेंडू साधारण ऐंशीदा येतो. दोन्ही धरून झाले दीडशेच्या वर हल्ले, चाळीस मिनिटांत. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये झाडावरचे कावळेसुद्धा वर्णन करून होतात. इथे श्वास घ्यायला फक्त फ्री थ्रो आणि टाइमआउट.

त्यामुळे भूगोल आधी पक्का करावा लागतो. मैदान ९४ फूट लांब, ५० फूट रुंद. क्वार्टर सुरू झाला की आधी सांगायचं, लिंक्स तुमच्या रेडिओच्या डावीकडून उजवीकडे. एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात मैदान उभं राहतं. मग प्रत्येक पासला जागा: टॉप ऑफ द की, उजवी विंग, कोपरा, बेसलाइन, एल्बो. "विल्यम्स वरून, उजवीकडे कॉलियर, पाठ बास्केटकडे, एक ड्रिबल, वळली, एल्बोवरून उडी... आत." चेंडू जाळीत जायच्या आत नाव बोलून झालं पाहिजे, कारण त्यानंतर गर्दीचा आवाज तुमचा घास घेतो. त्या बाईंचं यात कधी चुकलेलं मी ऐकलं नाही.

स्कोअरचं म्हणाल तर त्याला फार जुना उपाय आहे. रेड बार्बर म्हणून ब्रुकलिन डॉजर्सचे नामांकित बेसबॉल समालोचक होते. ते टेबलावर अंडी उकडायचं तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवायचे. वाळू संपली की स्कोअर सांगायचा आणि घड्याळ उलटं करायचं. बास्केटबॉलला तीन मिनिटं म्हणजे युग झालं, पण कल्पना लेकीच्या कामाची आहे.

मुक्ताफळ

कोर्टसाइड, फार मस्त लिहिलंय. अजून येऊ द्या.

सायली_मिनेसोटा

धन्यवाद कोर्टसाइड! बाबांना वाचून दाखवलं. "रेडिओच्या डावीकडून उजवीकडे" हे त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

काल एक प्रयोग केला. एका संघाचं (नाव नको) रेडिओ केंद्र इंटरनेटवर सापडलं, मोठ्या उत्साहाने लावलं, तर त्यावर टीव्हीचाच आवाज! तीच दोघं, तीच गोष्ट, "आता हे परत एकदा बघा" सकट. बाबा म्हणाले, "बघतो हं."

कोर्टसाइड

याला सायमलकास्ट म्हणतात. एकच जोडी टीव्हीलाही आणि रेडिओलाही. दुसरी जोडी, तिचा प्रवास, हॉटेल, तंत्रज्ञ असा सगळा खर्च वाचतो. महिलांच्या लीगमध्ये काही संघ असं करतात. चांगला समालोचक असेल तर तो दोन्हीच्या मधलं बोलतो, थोडं जास्त वर्णन, थोडी कमी गप्पा. पण ते सोपं नाही. टीव्हीवाल्यांना वाटतं हा फार बडबडतो, आणि रेडिओवाल्यांना काय वाटतं ते तुमच्या बाबांनी सांगितलंच.

खर्च वाचवायची आणखी एक तऱ्हा म्हणजे दुरून समालोचन. सामना एका शहरात आणि समालोचक दुसऱ्या शहरातल्या स्टुडिओत पडदा बघत. २०२० मध्ये कोविडमुळे अख्खा मोसम फ्लोरिडात ब्रेडेंटनच्या आयएमजी अकादमीत खेळवला, तेव्हा बरंचसं समालोचन असंच झालं. नाइलाज होता. पण दुरून बसलेल्याला कॅमेरा दाखवेल तेवढंच दिसतं. बाकावर कोण बर्फ लावून बसलंय, प्रशिक्षक कुणाला हाक मारतेय, हे कोर्टाच्या कडेला बसल्याशिवाय कळत नाही.

अण्णा_न्यूजर्सी

उशिरा आलो. जुन्या माणसाला जुन्या गोष्टी सांगू द्या.

२१ जून १९९७, शनिवार. डब्ल्यूएनबीएचा पहिलावहिला सामना, न्यूयॉर्क लिबर्टी विरुद्ध लॉस एंजलिस स्पार्क्स, इंगलवुडच्या ग्रेट वेस्टर्न फोरममध्ये. मी एनबीसीवर बघितला. समालोचनाला हॅना स्टॉर्म आणि अ‍ॅन मायर्स ड्रायसडेल. दोघीही बायका, आणि मुख्य वाहिनीवर! आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बाहेर आल्या त्या हा आवाज ऐकून, खेळ बघायला नव्हे. त्या सामन्यात लिसा लेस्ली एकटीच पुढे सुटली, डंक मारायला (उंच उडी घेऊन चेंडू वरून जाळीत कोंबायला) गेली आणि हुकली. लिबर्टी ६७-५७ ने जिंकली, पण सोमवारी ऑफिसात सगळे त्या हुकलेल्या डंकबद्दलच बोलत होते. (लीगमधला पहिला डंक पुढे २००२ मध्ये तिनेच मारला, हेही सांगून टाकतो.)

आता टीव्हीचं राजकारण. त्या वेळी खरं तर दोन लीग होत्या. अमेरिकन बास्केटबॉल लीग म्हणजे एबीएल १९९६ च्या शरद ऋतूत आधीच सुरू झाली होती. पगार बरे, १९९६ च्या ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या संघातल्या बऱ्याच खेळाडू तिच्याकडे, आणि मोसमही बास्केटबॉलचा खरा मोसम, हिवाळा. पण मोठी वाहिनी नाही. डब्ल्यूएनबीएने उन्हाळा घेतला, कारण तेव्हा पुरुषांचं एनबीए बंद असतं, स्टेडियमं रिकामी असतात आणि टीव्हीवर जागा असते. तिच्याकडे पहिल्या दिवसापासून एनबीसी, ईएसपीएन आणि बायकांची लाइफटाइम अशा तीन वाहिन्या. एबीएल डिसेंबर १९९८ मध्ये, तिसरा मोसम चालू असतानाच, बंद पडली. खेळ कमी पडला म्हणून नाही, दिसला नाही म्हणून.

त्याही आधी १९७८ ते ८१ मध्ये डब्ल्यूबीएल नावाची लीग होऊन गेली, शिकागो हसल, मिलवॉकी डोज वगैरे. शिकागोवाले भाग्यवान, त्यांचे काही सामने डब्ल्यूजीएन या टीव्ही वाहिनीवर दिसायचे. बाकीच्या संघांचं कुणाला आज नावही आठवत नाही.

ठोंब्या

अण्णा, इतिहास छान, पण निष्कर्ष उलटा. वाहिन्या धर्मादाय संस्था नाहीत. लोक बघत असते तर दाखवलंच असतं. लोक बघत नव्हते, म्हणून दाखवत नव्हते. साधा बाजार आहे.

मधुरा_वाचक

ठोंब्या, कुठल्या बाजारात माल गोदामात ठेवून "गिऱ्हाईक येत नाही" म्हणतात?

पर्ड्यू आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांतल्या संशोधकांनी १९८९ पासून दर पाच वर्षांनी टीव्हीवरच्या क्रीडाबातम्या घड्याळ लावून मोजल्यात. २०१९ साली महिलांच्या खेळाला मिळालेला वेळ होता ५.४ टक्के. तीस वर्षांपूर्वीही जवळपास तेवढाच होता. मला त्यांचं दुसरं निरीक्षण जास्त लागलं. आधीच्या काळात बायकांच्या खेळाची सरळसरळ टिंगल व्हायची. ती पुढे थांबली, पण तिच्या जागी आलं ते अळणी बोलणं. पुरुषांच्या सामन्याची बातमी चढ्या आवाजात, उपमा-अलंकारांसकट, आणि बायकांची हवामानाच्या अंदाजासारखी. इतके गुण, इतके रिबाउंड, पुढे चला. कुणी अपमान करत नाही आणि कुणाला काही वाटतही नाही.

सायलीच्या बाबांना जे ऐकू आलं त्यात थोडं हेही असेल का?

कोर्टसाइड

बाबांची तक्रार टीव्हीच्या पद्धतीची आहे, ती पुरुषांच्या सामन्यालाही लागू पडेल. पण तुमचा मुद्दा खरा आहे. सूर हा तयारीतून येतो. ज्याने बोर्ड केला नाही, मोसमभर संघ पाहिला नाही, तो चढ्या आवाजात बोलणार तरी कशाबद्दल? ईएसपीएनवरच्या रायन रुओको आणि रिबेका लोबो यांना ऐका. लोबो स्वतः १९९७ च्या त्या पहिल्या सामन्यात लिबर्टीकडून खेळलेली. बचावात कोण कुठे फसलं हे ती रिप्ले यायच्या आत सांगते.

ठोंब्या

ठीक. पण मग २०२४ मध्ये अचानक काय झालं? संशोधकांनी नाही, कॉलेजातून लीगमध्ये आलेल्या केटलिन क्लार्कने केलं ते. ड्राफ्टचा (संघ नवीन खेळाडू निवडतात तो) कार्यक्रम, ज्यात कुणी चेंडूला हातसुद्धा लावत नाही, तो २४.५ लाख लोकांनी बघितला. आदल्या वर्षी पावणेसहा लाख होते. एक खेळाडू आली आणि प्रेक्षक आले. याला बाजारच म्हणतात.

मधुरा_वाचक

मग ती आकाशातून पडली का? तिला लोकांनी पाहिलं कुठे? २०२३ चा कॉलेजचा अंतिम सामना, क्लार्कचं आयोवा विरुद्ध लुइझियाना स्टेट (एलएसयू), एबीसीवर दाखवला. त्याआधी पंचवीसेक वर्षं महिलांचा अंतिम सामना केबलवरच होता. ९९ लाख लोकांनी बघितला. २०२४ चा, आयोवा विरुद्ध साउथ कॅरोलायना, पुन्हा एबीसीवर: सुमारे १ कोटी ८९ लाख. त्याच वर्षीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त, आणि हे पहिल्यांदाच घडलं. क्लार्क लांबून बास्केट टाकत होतीच, पण पलीकडे लोकांनाही तिच्यापर्यंत पोचायला रिमोटचं एकच बटण लागलं.

ठोंब्या

दोन्ही लागतात, हे मान्य. तरी क्लार्क दुखापतीने बाहेर बसली की आकडे पडतात, हे तुम्हीही मान्य करा.

मधुरा_वाचक

मान्य. पडून कुठे थांबतात, तेही बघा एवढंच.

झंप्या

या धाग्यावर दोघांनी एकमेकांचं मान्य केलं. संपादकांनी नोंद घ्यावी.

अण्णा_न्यूजर्सी

पैशाचंही सांगतो, कारण ठोंब्यांना बाजार आवडतो.

सुरुवातीची बरीच वर्षं वाहिन्या डब्ल्यूएनबीएला हक्कांचे पैसेच देत नव्हत्या. जाहिरातींतून जे येईल ते वाटून घ्यायचे. खरं हक्कशुल्क सुरू झालं ते ईएसपीएनबरोबरच्या २००९ ते २०१६ या करारात. त्याच्या आधी २००२ साली एनबीसीने एनबीए सोडलं, त्याबरोबर बायकांची लीगही सोडली, आणि काही काळ ऑक्सिजन नावाच्या वाहिनीवर सामने शोधत बसावं लागायचं. मला ती वाहिनी कधी एका झटक्यात सापडली नाही.

आता जुलै २०२४ मध्ये झालेला करार: डिस्ने, अ‍ॅमेझॉन आणि एनबीसी, ११ वर्षं, २०२६ पासून, सुमारे २२० कोटी डॉलर. वर्षाला २० कोटी. आधी वर्षाला साधारण सहा कोटी मिळायचे. म्हणजे तिप्पट झाले, टाळ्या. पण त्याच टेबलावर, त्याच दिवशी, त्याच तिघांशी एनबीएचा करार झाला तो सुमारे ७,६०० कोटी डॉलरचा. बायकांच्या लीगचे हक्क एनबीएच विकते, एकाच गाठोड्यात. डब्ल्यूएनबीएची ४२ टक्के मालकीही एनबीएच्या मालकांकडेच. गाठोड्यातल्या लहान पुडीचा भाव कुणी ठरवला आणि कशावरून, हा प्रश्न खेळाडूंच्या संघटनेने तेव्हाच विचारला होता. क्लार्कचा पहिल्या वर्षाचा लीगमधला पगार होता ७६,५३५ डॉलर. आमच्या कंपनीत नवीन लागलेला पोरगा यापेक्षा जास्त घेतो आणि त्याला बघायला कुणीच येत नाही.

सायली_मिनेसोटा

अण्णा, बाबा तुमचं वाक्य फोनवर सगळ्यांना ऐकवतायत.

वाहिन्यांचं मात्र कुणी सांगितलं नाही अजून.

पहाटवारा

मी सांगतो, मला भारतातून पहाटे उठून बघावं लागतं म्हणून सगळं तोंडपाठ झालंय. न्यूयॉर्कचा संध्याकाळी सातचा सामना म्हणजे माझे पहाटेचे साडेचार.

तुमच्यासाठी सगळ्यात सोपा दिवस शुक्रवार. २०२३ पासून शुक्रवारी रात्री आयऑन. ही स्क्रिप्स कंपनीची वाहिनी, केबल नको, छतावरचा किंवा खिडकीतला अँटेना पुरतो. दर शुक्रवारी तीच वेळ, तीच वाहिनी, म्हणून सवय लागते. लीगने गेल्या काही वर्षांत केलेली ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट, असं माझं मत. स्थानिक सामन्यांसाठीही बरेच संघ पैसे भरायच्या केबल वाहिन्या सोडून फुकटच्या हवेतल्या वाहिन्यांकडे वळलेत. फिनिक्स मर्क्युरी २०२३ मध्ये, लिबर्टी २०२४ मध्ये फॉक्स ५ वर. पैसे कमी, डोळे जास्त.

लीग पासच्या (लीगची पैसे भरून सामने बघायची इंटरनेट सेवा) भरवशावर मात्र अमेरिकेत राहू नका. ज्या सामन्याचे राष्ट्रीय किंवा तुमच्या गावचे हक्क कुणाकडे आहेत, तो तिथे काळा पडतो. म्हणजे ज्या संघासाठी पैसे भरावेत तोच नेमका दिसत नाही. इथे परदेशात मला जास्त सामने दिसतात. झोप तेवढी जाते.

अवांतर: मे २०२४ मधली गंमत आठवते का? लिंक्स विरुद्ध शिकागो स्कायचा सराव सामना, शिकागोच्या नव्या खेळाडू एंजल रीसचा पहिला. लीगच्या अ‍ॅपवर दिसणार असं लिहिलं होतं आणि दिसलाच नाही. मग मिनीअ‍ॅपोलिसच्या स्टेडियममध्ये बसलेल्या एका प्रेक्षक बाईने आपला फोन उभा धरला आणि सामना थेट दाखवला. लाखो लोकांनी तो बघितला. मध्ये फोनची बॅटरी संपत आली तर लोक तिला चार्जर शोधायला सांगत होते. स्कोअर पडद्यावर नव्हताच, त्यामुळे कुणीतरी दर थोड्या वेळाने खाली लिहून विचारायचं, "स्कोअर काय?"

मुक्ताफळ

तो मी पण बघितला होता! चित्र हलत होतं, खेळाडू मुंगीएवढ्या, आणि तरी उठवत नव्हतं.

कोर्टसाइड

ठोंब्या, गिऱ्हाईक सापडलं.

ठोंब्या

:) फुकटचं गिऱ्हाईक. पण बरं, सापडलं.

नर्मदेहर

एक तांत्रिक सूचना. रेडिओचं वेगळं समालोचन मिळालं आणि टीव्ही म्यूट करून दोन्ही एकत्र लावलं, तर ते जुळत नाही. साधा एफएम किंवा एएम जवळजवळ लगेच पोचतो. अँटेनावरचा टीव्ही थोडा मागे, इंटरनेटवरून येणारा टीव्ही आणखी मागे, आणि इंटरनेट रेडिओचा तर नेम नाही. आमच्याकडे रेडिओवर "आत गेला!" झालं की टीव्हीवर ती अजून ड्रिबल करत असायची. मुलं चिडायची.

उपाय सोपा आहे. जे पुढे आहे ते थांबवून ठेवा. टीव्ही पुढे असेल तर रिमोटवर पॉज करा, आणि क्वार्टरच्या पहिल्या टिप किंवा इनबाउंड पासचा शब्द रेडिओवर आला की सोडा. रेडिओ पुढे असेल तर त्याचा आवाज काही सेकंद मागे टाकणारी अ‍ॅप मिळतात. पण ज्याला फक्त ऐकायचंय त्याने हे काही करू नये. त्याला सगळ्यांच्या आधी कळतं, ही त्याची मजा.

मधुरा_वाचक

बाबांना सांगा, बायकांना या खुर्चीत बसायलाही वेळ लागला. लिअँड्रा रायली हिने १९८८ मध्ये एनबीएच्या सामन्याचं टीव्हीवर मुख्य समालोचन केलं, असं करणारी ती पहिली बाई. आणि एखाद्या एनबीए संघाची मोसमभराची टीव्हीवरची मुख्य समालोचक बाई असणं २०२१ मध्ये उजाडलं, फिलाडेल्फियाला केट स्कॉट आणि मिलवॉकीला लिसा बायिंग्टन. मधली तेहतीस वर्षं बायका हातात माइक धरून कडेलाच उभ्या. नामांकित बास्केटबॉल समालोचक डोरिस बर्कची सुरुवातही रेडिओवरच, १९९० मध्ये, प्रॉव्हिडन्स कॉलेजच्या मुलींच्या सामन्यांना. तिथे चेहरा कुणी बघत नाही, वाक्य ऐकतात.

सायली_मिनेसोटा

सगळ्यांना उत्तर देते. कालचा ऑल-स्टार (लीगमधल्या निवडक खेळाडूंचा) सामना आम्ही एबीसीवर लावला. कॉलियर एका संघाची कर्णधार, त्यामुळे लेकीला राग येण्याची शक्यता कमी होती.

कोर्टसाइडच्या सांगण्याप्रमाणे जय्यत तयारी. तिने बुटांच्या खोक्याच्या झाकणावर स्पॉटिंग बोर्ड केला, नावं स्केचपेनने, उच्चार मराठीत. टीव्हीचा आवाज अगदी बारीक, फक्त गर्दी ऐकू येईल एवढा. ती बाबांच्या खुर्चीच्या हातावर बसली आणि म्हणाली, "आजोबा, कॉलियरचा संघ तुमच्या डाव्या हाताकडून उजव्या हाताकडे." बाबांनी उजवा हात उचलून खात्री करून घेतली.

सामन्याआधी सराव चालू असताना ती मध्येच थांबली. खेळाडूंच्या काळ्या टी-शर्टवर काहीतरी लिहिलं होतं. बाबा म्हणाले, वाच. तिने आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत: "आमचं जे देणं लागता ते द्या." बाबांनी विचारलं, कुणाला म्हणतायत? मग अण्णांचं ते २२० कोटी आणि ७,६०० कोटीचं गणित मी समजावलं, जमेल तसं.

यंदा (२०२५) ऑल-स्टारला चार गुणांचेही शॉट होते, बास्केटपासून २८ फुटांवर खुणा केलेल्या. स्कोअर असा काही धावत होता की बाबा गोंधळले. "आत्ता तर ऐंशी होते!" शेवटी १५१-१३१. कॉलियरचे ३६ गुण, ऑल-स्टारमधला नवा विक्रम. लेकीचा आवाज बसला, पण थांबली नाही.

बक्षीस देताना स्टेडियममध्ये लोक ओरडायला लागले. लेकीच्या ते लक्षातही आलं नाही, ती कॉलियरचा करंडक कसा दिसतो ते सांगत होती. बाबांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला गप्प केलं आणि टीव्हीचा आवाज मोठा करायला लावला. "पे देम, पे देम." हे बाबांना सगळ्यांत आधी ऐकू आलं.

अंड्याचं घड्याळ मिळालं नाही. ओव्हनचा टायमर तीन मिनिटांवर लावला होता, वाजला की स्कोअर सांगायचा. बाबांचा निरोप आहे: पुढच्या वेळी दीड मिनिटावर लावा.